मोतीबिंदू म्हणजे काय? तो ‘पिकण्याची’ वाट पाहावी का?

साठी उलटलेली आजी अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागते आणि घरच्यांना वाटतं, नजर सुधारली! प्रत्यक्षात ही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. डोळ्यातलं भिंग घट्ट होत गेलं की नंबर बदलतो आणि काही काळ जवळचं स्पष्ट दिसतं. पुढे मात्र सगळंच धूसर होतं.

नेमकं काय होतं?

बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते मुख्यतः पाणी आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. वयानुसार या प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होतं. म्हणजे मोतीबिंदू हा डोळ्यावर वाढणारा पडदा नाही.

अशी लक्षणं दिसतात:

• धुक्यातून पाहिल्यासारखं दिसणं
• रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणं, दिव्याभोवती वलयं दिसणं
• रंग फिके किंवा पिवळसर वाटणं
• चष्म्याचा नंबर वारंवार बदलणं

वय हे मुख्य कारण आहे. पण मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला मार, कडक ऊन आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळे तो लवकर येऊ शकतो. काही बाळांना जन्मतःच असतो.

थेंबांनी जातो का?

नाही. गढूळ झालेलं भिंग पुन्हा स्वच्छ करणारं सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून बाहेर काढतात आणि जागी कृत्रिम भिंग बसवतात. असं भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कण घुसूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

मग ‘पिकू द्या’ असं का म्हणतात?

जुन्या पद्धतीत मोठा छेद घेऊन अख्खं भिंग काढावं लागे, म्हणून थांबत असत. आता तशी गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, शस्त्रक्रिया अवघड होते आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. वाचणं, स्वयंपाक, जिना उतरणं अशी रोजची कामं अडू लागली की डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

काचबिंदू वेगळा!

मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेकदा परत येते. काचबिंदूत डोळ्याच्या नसेला इजा होते आणि गेलेली नजर परत येत नाही. धूसर दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच, असं घरी ठरवू नका. डोळा अचानक दुखला, लाल झाला किंवा दिसेनासा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरातली वयस्कर माणसं ‘आता वयच झालं’ म्हणून गप्प बसतात. त्यांना विचारा, एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. एका डोळ्याला कमी दिसत असेल तर लगेच लक्षात येईल.