अश्वीय पायरोप्लाझ्मोसिस व गोचीड-नियंत्रण (दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्र)

घोडा, खेचर, गाढव व झेब्रा या अश्ववर्गीय प्राण्यांना गोचिडांमार्फत होणारा रक्तातील आदिजीवांचा रोग. ताप, रक्तक्षय, कावीळ व क्वचित लालसर लघवी ही त्याची प्रमुख लक्षणे. उष्ण व समशीतोष्ण कटिबंधांतील अनेक देशांत तो आढळतो. उत्तर भारतात तो ठाण मांडून असलेला (प्रदेशनिष्ठ) रोग आहे. रोगातून उठलेला घोडा बाहेरून निरोगी दिसत असला, तरी दीर्घकाळ रोगवाहक राहतो. म्हणून या रोगाच्या प्रतिबंधात घोड्यावरील उपचारांपेक्षा गोचिडांच्या नियंत्रणाला अधिक महत्त्व आहे.

रोगकारक : थायलेरिया इक्वी व बॅबेसिया कॅबॅली हे दोन आदिजीव रोगास कारणीभूत होतात. थायलेरिया हानेयी ही तिसरी जाती २०१८ मध्ये नोंदवली गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हेरां यांनी १९०१ मध्ये पहिल्या आदिजीवाला पायरोप्लाझ्मा इक्वी असे नाव दिले. पुढे तो बॅबेसिया वंशात गणला जाऊ लागला. तांबड्या रक्तपेशींत शिरण्याआधी तो लसीकापेशींत वाढतो, हे लक्षात आल्यावर मेलहॉर्न व शाइन यांनी १९९८ मध्ये त्याला थायलेरिया वंशात नेले. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने दोन्ही आदिजीवांतील फरक महत्त्वाचा आहे. बॅबेसिया कॅबॅली मादी गोचिडाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. त्यामुळे गोचिडांची वस्ती हाच त्याचा साठा ठरतो. घोड्याच्या शरीरातून मात्र तो काही वर्षांत नाहीसा होऊ शकतो. थायलेरिया इक्वी मुख्यतः गोचिडाच्या एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातो आणि घोड्याच्या रक्तात बहुधा आयुष्यभर टिकतो. त्याचा साठा म्हणजे घोडा. भारतात थायलेरिया इक्वीचाच आढळ अधिक आहे.

गोचीड : उत्तर भारतात हायलोमा ॲनाटोलिकम ही जाती या रोगाची प्रमुख वाहक मानली जाते. अंडे, डिंभ, अर्भक व प्रौढ अशा तिच्या चार अवस्था आहेत. वाढीच्या काळात ती एकाहून अधिक प्राण्यांचे रक्त पिते आणि मधला काळ गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, दगडविटांच्या सांध्यांत व शेणमातीच्या पोपड्यांखाली काढते. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गुरांवरचा गोचीड घोड्यांवरही चढतो. या भागातले गोचीड उन्हाळ्याच्या सुरुवातीस वाढू लागतात, पावसाळ्यात त्यांची संख्या सर्वाधिक असते व हिवाळ्यात ती घटते. घोड्याच्या अंगावर ते कानांच्या आत, आयाळीखाली, जबड्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूस व शेपटीच्या बुडाशी चिकटतात.

क्षेत्रातील अश्वसंपदा : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दोन अगदी भिन्न परिस्थितींतील घोडे शेजारी-शेजारी राहतात. एकीकडे राष्ट्रपती अंगरक्षक दल (स्थापना १७७३), दिल्ली छावणीतील पोलो व अश्वारोहणाच्या पागा, मेरठचे रिमाउंट व्हेटरनरी कोअर केंद्र व महाविद्यालय आणि हापुड जिल्ह्यातील बाबूगढची लष्करी अश्वपैदास शाळा आहे. येथे प्रत्येक घोड्याची नोंद, नियमित तपासणी व स्वतंत्र मोतद्दार असतो. दुसरीकडे गाझियाबाद, बागपत, झज्जर या पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा वाहणारी खेचरे, गाढवे व घोडे, लग्नाच्या वरातीतील घोड्या आणि बुग्ग्या ओढणारी जनावरे आहेत. पावसाळ्यात भट्ट्या बंद पडल्या की ही जनावरे गावी परततात आणि अनेकदा म्हशींच्या गोठ्यातच बांधली जातात. गोचिडांचा भर तेव्हाच सर्वाधिक असतो. कार्तिक पौर्णिमेला गढमुक्तेश्वरच्या जत्रेत घोडे-खेचरांचा बाजार भरतो. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारातही उत्तरेकडून घोडे येतात. अशा खरेदी-विक्रीतून रोगवाहक जनावरे दूरवर पोहोचू शकतात.

लक्षणे : संसर्गानंतर साधारणतः एक ते चार आठवड्यांत लक्षणे दिसतात. तीव्र प्रकारात ताप ४०° से.च्या वर जातो, खाणे सुटते, नाडी व श्वास जलद होतात, डोळ्यांच्या व हिरड्यांच्या अंतस्त्वचा आधी फिकट व मग पिवळ्या पडतात आणि त्यांवर बारीक रक्तबिंदू दिसतात. पाय व पोटाखालचा भाग सुजतो. रक्तपेशी मोठ्या प्रमाणात फुटल्यास लघवी लाल-तपकिरी होते. गाभण घोडीचा गर्भपात होऊ शकतो किंवा शिंगरू जन्मतःच संसर्ग घेऊन येते. जुनाट प्रकारात वजन घटणे, लवकर दमणे व कामात मंदपणा एवढेच दिसते. राबणाऱ्या जनावरांत ते बहुधा अशक्तपणा म्हणून सोडून दिले जाते. तापाच्या व रक्तक्षयाच्या लक्षणांमुळे हा रोग सुर्रा व अश्वीय संसर्गजन्य रक्तक्षय यांच्याशी घोटाळला जातो. सुर्रा प्रामुख्याने गोमाशांमुळे पसरतो.

निदान : तीव्र अवस्थेत रक्तलेपास गिम्सा रंजक देऊन सूक्ष्मदर्शकाखाली आदिजीव दिसतात. थायलेरिया इक्वी रक्तपेशीत चारच्या फुलीसारख्या गटात, तर बॅबेसिया कॅबॅली जोडीने आढळतो. रोगवाहक घोड्यात आदिजीव इतके विरळ असतात, की रक्तलेप निरुपयोगी ठरतो. तेथे प्रतिपिंडांसाठी एलायझा व प्रतिदीप्ती चाचणी आणि जनुकीय द्रव्यासाठी पीसीआर वापरतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने (स्थापना १९८५) थायलेरिया इक्वीसाठी एलायझा चाचणी विकसित केली आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या केंद्राला अश्वीय पायरोप्लाझ्मोसिससाठी संदर्भ प्रयोगशाळेचा दर्जा दिला.

उपचार : इमिडोकार्ब डायप्रोपियोनेट हे मुख्य औषध. बॅबेसिया कॅबॅलीसाठी दर किलो वजनामागे २.२ मिग्रॅ. मात्रा २४ तासांच्या अंतराने दोनदा, तर थायलेरिया इक्वीसाठी ४ मिग्रॅ. मात्रा ७२ तासांच्या अंतराने चारदा देतात. औषधाने लाळ गळणे, घाम व पोटशूळ उद्भवतात. गाढवांना मोठी मात्रा विशेष घातक ठरते. म्हणून ते पशुवैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. रोगावर लस उपलब्ध नाही.

उपचाराचे ध्येय घोडा कोठे राहणार यावर ठरते. रोग असलेल्या प्रदेशात रक्तातील थोडे आदिजीव घोड्याची प्रतिकारशक्ती जागती ठेवतात. ते समूळ नाहीसे केले, तर पुढच्या गोचिडापासून त्याला पुन्हा तीव्र रोग होऊ शकतो. म्हणून भट्टीवरील खेचराला लक्षणे आटोक्यात येईपर्यंतच औषध देणे इष्ट असते. परदेशी जाणाऱ्या घोड्याच्या बाबतीत मात्र रोगमुक्त देश प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी असल्याशिवाय सहसा प्रवेश देत नाहीत. अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी (१९९६) अमेरिकेने गोचीड-नियंत्रणाच्या कडक अटींवर होकारार्थी घोड्यांनाही तात्पुरता प्रवेश दिला होता, परंतु असे अपवाद थोडे आहेत.

गोचीड-नियंत्रण : आदिजीवाची संसर्गक्षम अवस्था गोचिडाच्या लाळग्रंथींत सामान्यतः तो चिकटून रक्त पिऊ लागल्यावरच परिपक्व होते. त्यामुळे रोज खरारा करताना अंग चाचपून गोचीड काढल्यास संसर्गाचा धोका बराच कमी होतो. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढावा व स्पिरिटमध्ये टाकावा. तो चिरडू नये. रॉकेल लावणे वा चटका देणेही टाळावे.

अंगावर फवारण्यासाठी किंवा पुसण्यासाठी परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड द्रव्ये वापरतात. गुरांसाठी सर्रास वापरले जाणारे अमिट्राझ घोड्याला लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून विष्ठा अडकते व जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. गुरे व घोडे एकत्र बांधणाऱ्या घरांत ही चूक सहज घडते. उत्तर भारतातील गोचिडांत पायरेथ्रॉइडांना प्रतिरोध आढळला आहे. पातळ केलेल्या किंवा अपुऱ्या मात्रेच्या फवारणीने तो वाढतो.

हायलोमा गोचीड मोठा काळ जनावराबाहेर असल्याने तबेल्याची रचना फवारणीइतकीच महत्त्वाची ठरते. भिंतींच्या भेगा बुजवून गिलावा करणे, ज्वालायंत्राने सांधे भाजणे, घोडे व म्हशी वेगळ्या बांधणे, कुरणातील गवत कापून ठेवणे व विकत घेतलेले जनावर गोचीडमुक्त करून काही काळ वेगळे ठेवणे हे त्यातील मुख्य उपाय होत. एकाच सुईने अनेक जनावरांना टोचल्यास गोचिडाशिवायही रोग पसरतो. जत्रांत व भट्ट्यांवर हा धोका मोठा असतो.

मानवी आरोग्य : पायरोप्लाझ्मोसिसमुळे मोतद्दारांना सहसा धोका नसतो. परंतु हायलोमा गोचीड क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाच्या विषाणूचेही वाहक आहेत. जानेवारी २०११ मध्ये गुजरातमधील या तापाच्या उद्रेकाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. भारतातील ही पहिली पुष्टी झालेली साथ होती. गोचीड काढताना हातमोजे घालणे त्यासाठीच आवश्यक आहे.

मेरठचा रोगमुक्त विभाग : हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत (२०२३) भारतीय संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळवले. दिल्लीच्या १९८२ च्या स्पर्धांनंतर अश्वारोहणातील ते पहिले सुवर्ण होते, परंतु संघाची तयारी युरोपात झाली होती. भारतातील घोडे थेट परदेशी नेण्यात रोगविषयक निर्बंध हा मोठा अडसर राहिला आहे. ३ जुलै २०२५ रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरनरी कोअर केंद्राला अश्वरोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला विभाग आहे. अश्वीय संसर्गजन्य रक्तक्षय, अश्वीय इन्फ्ल्यूएंझा, पायरोप्लाझ्मोसिस, ग्लँडर्स व सुर्रा या पाच रोगांपासून तो मुक्त मानला जातो. अशा विभागाची मान्यता एखाद्या प्रदेशाला नव्हे, तर विशिष्ट व्यवस्थापनाखालील घोड्यांना मिळते. कीटक व गोचिडांना अटकाव, बंदिस्त आवार, सतत रोगसर्वेक्षण, स्वच्छता व कचऱ्याची विल्हेवाट हे तिचे आधार आहेत. या मान्यतेमुळे विभागातील घोड्यांचा परदेशप्रवास सुकर होतो. विभागाबाहेरच्या भट्ट्यांवरील व वरातींतील जनावरांच्या रोगस्थितीत तिने बदल होत नाही. त्यांच्यासाठी रोजची तपासणी, वेगळा गोठा व प्रत्येक टोचणीला नवी सुई हेच परवडणारे उपाय राहतात.