खूण दडलेली, की आपण ठेवलेली?

चित्रपटांत दडलेली धर्मचिन्हं आणि जुन्या चित्र-शिल्पांचे संदर्भ शोधायचा छंद आता पुष्कळांना लागला आहे. छंद चांगलाच आहे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी एक साधा प्रश्न विचारतो : ती खूण तिथे खरोखर आहे, की आपणच नेऊन ठेवली? तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं दादासाहेब फाळक्यांचं. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. सुरुवातीलाच राजा, तारामती आणि रोहिदास जसे मांडले आहेत, ते बघून रविवर्म्याची चित्रं आठवतात. हा निव्वळ योगायोग नाही. सिनेमाकडे वळण्याआधी फाळक्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी शिळाछापाचं काम केलं होतं. म्हणजे प्रभाव कुठल्या वाटेनं आला, हे दाखवता येतं.

दुसरं, १९७५ चा 'दीवार'. दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. गोदीत काम करणाऱ्या विजयचा बिल्ला ७८६ नंबरचा. अब्जद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो, आणि बिस्मिल्लाच्या पूर्ण वचनातल्या अक्षरांची बेरीज ७८६ धरतात. त्या आकड्याचं महत्त्व रहीमचाचा विजयला सांगतात. म्हणजे इथे दडलेलं काहीच नाही, चित्रपट स्वतःच बोलतो. मग बघायचं काय? तर त्या खुणेला कथेत काम काय दिलंय ते. देवळाची पायरी न चढणारा हा माणूस दुसऱ्या धर्माची खूण छातीशी बाळगतो. शिवाय तो बिल्ला मुळात मजुरीचा आहे. विजय तस्करीत शिरतो, तरी घामाच्या दिवसांतलं तेवढंच त्याच्याजवळ उरतं. एकदा गोळी त्या बिल्ल्यावर अडते. शेवटी बिल्ला हातातून निसटतो, आणि मग त्याला वाचवणारं काही राहत नाही.

तिसरं उदाहरण याच चित्रपटाचा शेवट. देवळात, आईच्या कुशीत विजय प्राण सोडतो. बघणाऱ्याला लगेच रोममधली मायकेलअँजेलोची 'पिएता' आठवते : मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी. साम्य आहे, मान्य. पण वाट कुठली? मेलेल्या रोहिदासाला घेऊन स्मशानात आलेली तारामती आपल्याकडे किती पिढ्यांनी ऐकली आहे! आईचं दुःख रोमहूनच यायला हवं असं थोडंच आहे? 'मला पिएता आठवली' हे विधान खरं. 'दिग्दर्शकानं पिएता दाखवली' हे विधान वेगळं, आणि त्याला पुरावा लागतो.

तुम्ही म्हणाल, एवढी काटेकोरी कशाला, सिनेमाच तर आहे. सांगतो. ज्या सैल नजरेला पडद्यावर जागोजागी देव दिसतात, तिलाच उद्या जागोजागी देवाचा अपमानही दिसू लागतो. पुरावा ती दोन्ही वेळा मागत नाही. पहिल्या वेळी आपण कौतुकानं मान डोलावतो. दुसऱ्या वेळी मात्र कुणाचं तरी थिएटर फुटतं. म्हणून पुरावा मागायची सवय कौतुकाच्या वेळीच लावून घ्यायला हवी.

आता तुमचे प्रश्न घेऊ.