मोहल्ल्यात बॉक्सिंगची तालीम काढायचीय? मग रिंग सगळ्यात शेवटी घ्या

सातारा-सांगलीच्या माणसाला तालीम म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकांनी पैसा उभा केला म्हणून. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे लोकवर्गणीतून पैलवान घडवणं आपल्याकडे जुनंच आहे. बॉक्सिंग हा खेळ तेवढा नवा.

शाळेत पोरं मला विचारतात, "सर, निखत झरीनसारखं शिकायचं असेल तर जायचं कुठं?" निखत तेलंगणातल्या निजामाबादची. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत ती जगज्जेती झाली. त्याच निजामाबादच्या मोहम्मद हुसामुद्दीनने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. निजामाबाद काही महानगर नाही. पण हुसामुद्दीनचे वडील तिथं पोरांना बॉक्सिंग शिकवत होते आणि निखतचे सुरुवातीचे धडेही त्यांच्याकडेच झाले. आपल्या महाराष्ट्रातली नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा जगज्जेती झाली. यातून एकच गोष्ट घ्यायची. रोज येणारा उस्ताद आधी लागतो, रिंग नंतर.

आधी संस्था, मग पावती पुस्तक

नोंदणी नसताना वर्गणी गोळा करू नका. किमान सात सभासद घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढता येते. महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. दोन्हीसाठी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जायचं. घटनेत उद्देश स्पष्ट लिहा: मुला-मुलींना खेळाचं प्रशिक्षण, नफा कुणालाही वाटला जाणार नाही, प्रवेश सर्व समाजांना खुला.

नोंदणीनंतरची कामं कंटाळवाणी असतात, पण संस्था त्यांच्यावरच टिकते. दरवर्षी हिशेबाचं ऑडिट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. संस्थेची जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर आयकर खात्याकडची नोंदणी.

आमच्या भागात एक व्यायामशाळा मोठ्या थाटात सुरू झाली होती. दोन वर्षांत कुलूप लागलं. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण कुणी किती दिले आणि ते कुठं गेले याची वहीच नव्हती. संशय पसरला आणि वर्गणी थांबली. म्हणून जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला दारावर चिकटवा.

जकात वेगळी, देणगी वेगळी

रमजानमध्ये लोक विचारतील, जकात चालेल का? हनफी उलमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीत जायला हवी. भिंत, पत्रा, रिंग कुणा एका गरिबाच्या मालकीची होत नाही, म्हणून इमारतीला जकात लावू नये. त्यासाठी नफ्ली सदका आणि साधी देणगी आहे. मात्र हकदार घरातल्या पोराला बूट, दूध-अंडी किंवा प्रवासखर्च त्याच्या हाती देता येतो. शहरातल्या मुफ्तीसाहेबांना विचारून दोन वेगळी खाती ठेवा.

जागा: उंची आणि पाणी बघा

बांधकाम काढायची घाई नको. शाळेचा हॉल, समाजमंदिर किंवा सांगलीकडं हळदीचं रिकामं गोदाम भाड्याने मिळालं तरी चालतं. छत उंच, हवा खेळती, फरशी न घसरणारी आणि मुलींसाठी वेगळी, कडी लागणारी खोली असावी. भाडेकरार लेखी करा.

जागा वक्फची असेल तर मुतवल्लीसाहेबांच्या तोंडी होकारावर एक वीटही लावू नका. वक्फ मंडळाची लेखी परवानगी घ्या.

सांगलीत आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. कृष्णाकाठच्या तळमजल्यावर प्लायवूड आणि फोम ठेवणं म्हणजे पुराला दावत. तिथं पहिला मजला बघा.

प्रशिक्षक

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग केलेला माणूस शोधा. सैन्यातून निवृत्त झालेले बॉक्सर हाही चांगला पर्याय. मानधन कमी का असेना, पण दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. फुकट शिकवणारा माणूस लग्नसराईत गायब होतो, आणि पोरांचा सराव तिथंच तुटतो.

सामान

वीस पोरांच्या तुकडीला सुरुवातीला चार पंचिंग बॅग, आठ-दहा जोड ग्लोव्हज, उड्यांच्या दोऱ्या, प्रशिक्षकासाठी पॅड, हेडगार्ड आणि प्रथमोपचार पेटी एवढं पुरतं. हाताची पट्टी आणि दातांचं रक्षक प्रत्येकाचं स्वतःचं, ते वाटून वापरायचं नाही. ग्लोव्हज रोज उघडे करून वाळवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

स्पर्धेची रिंग दोरांच्या आत ६.१० मीटर, म्हणजे २० फूट चौरस असते. दोरांबाहेर प्रत्येक बाजूला ८५ सेंटीमीटर धरले तर जवळपास २६ फुटांची मोकळी जागा लागते. पहिलं वर्ष फरशीवर खडूने चौकोन आखून पायांचं काम शिकवता येतं. वर्षभर पोरं टिकली, तर रिंगचा विचार करा.

पोरांची हिफाजत

प्रवेशावेळी डॉक्टरची तपासणी आणि पालकांची सही घ्या. सराव आणि समोरासमोरची लढत यांच्या संमती वेगळ्या असाव्यात. स्पर्धेत वयोगट १३-१४, १५-१६, १७-१८ असे असतात. वय आणि वजन जुळल्याशिवाय दोघांना समोर उभं करू नका. वजन उतरवण्यासाठी पोरांना उपाशी ठेवणारा प्रशिक्षक नको.

डोक्याला मार लागून पोर गोंधळलं, उलटी झाली, डोकं दुखू लागलं किंवा झोप येऊ लागली, तर त्याच वेळी दवाखाना. "उद्या बघू" म्हणायचं नाही. डोक्याच्या माराने लढत थांबली तर नियमाप्रमाणे किमान ३० दिवस लढत बंद असते. तालमीतही तोच नियम लावा. मिरज तर दवाखान्यांचं गाव. एखादे डॉक्टर आठवड्यातून तासभर नक्की देतील.

एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस बंद खोलीत नको. गैरप्रकार कळला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "जमातीत बसून मिटवू" हा रस्ता नाही. संस्थेच्या नावापेक्षा पोराची इज्जत मोठी.

घरचे दोन प्रश्न

पहिला: चेहऱ्यावर मारणं जायज आहे का? हा प्रश्न खरा आहे, टाळू नका. चेहऱ्यावर मारण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे, आणि मक्केच्या फिकह अकादमीने १९८७ मध्ये बॉक्सिंगच्या विरोधात निर्णय दिला. दुसरीकडे निखत, हुसामुद्दीन यांच्यासारख्या मुस्लिम घरांनी आपल्या पोरांना रिंगमध्ये पाठवलंही आहे. संस्थेने फतवा देऊ नये. ज्यांना लढत नको, त्यांच्या पोरांसाठी दोरी, बॅग, दम आणि पायांचं काम एवढाच वर्ग ठेवावा. त्यातूनही शरीर घडतं आणि शिस्त लागते.

दुसरा: मुलींचं काय? कोलकात्याच्या खिदिरपूरमध्ये मुस्लिम वस्तीतल्या मुली वर्षानुवर्षं बॉक्सिंग शिकत आल्या आहेत. त्याच शहरातल्या रझिया शबनम पुढं प्रशिक्षक आणि पंच झाल्या. मुलींसाठी वेगळी वेळ, महिला प्रशिक्षक किंवा सोबत जबाबदार बाई, आणि मगरिबच्या आत घरी पोचता येईल अशी सुट्टी ठेवली, तर अर्धा विरोध आपोआप मावळतो.

पुढचा रस्ता

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दोन कागद मागा: व्यायामशाळा विकास योजनेचा सध्याचा शासन निर्णय आणि शालेय स्पर्धांचं वेळापत्रक. स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात आणि राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते, म्हणून प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून फायलीत लावा.

प्रत्येक पोर निखत होणार नाही. पण संध्याकाळी पाच वाजता कुणीतरी आपली हजेरी घेतं, आलो नाही तर घरी फोन करतं, हे ज्या पोराला ठाऊक आहे, ते कोपऱ्यावरच्या टपरीवर कमी दिसतं. तेवढं साधलं तरी वर्गणी कारणी लागली समजा. तेव्हा या जुम्याला सात माणसं गोळा करा आणि सुरुवात हिशेबाच्या वहीपासून करा.