निसर्ग चक्रीवादळ (2020) आणि श्रीवर्धन परिसरातील वाडीजीवन
प्रस्तावना :
दि. 3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. हवामान विभागाची पूर्वसूचना व किनाऱ्यालगतच्या लोकांचे वेळीच झालेले स्थलांतर यांमुळे मनुष्यहानी मर्यादित राहिली. तथापि केवळ मृतांच्या संख्येवरून या आपत्तीचे मोजमाप होत नाही. प्रस्तुत लेखात वाडीवर जगणाऱ्या कुटुंबांवरील परिणामांचा विचार केला आहे.

वाडीचा आधार व त्याचा नाश :
भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे श्रीवर्धन हे गाव रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध आहे. येथील वाडीत नारळ, सुपारी, मिरीचे वेल व केळी एकाच तुकड्यात वाढतात. अनेक वाड्या काही गुंठ्यांच्याच असतात. सुपारी सोलण्याच्या कामातून स्त्रियांनाही मजुरी मिळते. वादळात झाडे उन्मळून पडली, घरांवरील कौले व पत्रे उडाले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. करोनाच्या टाळेबंदीमुळे पर्यटन व मुंबईतील चाकरमान्यांचे रोजगार आधीच थांबले होते. संकटकाळी आधार देणारी वाडीही त्याच वेळी गेली.

मदतीचे निकष :
शासनाने फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपयांची वाढीव मदत जाहीर केली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर परिसरातल्या ऊसशेतीत क्षेत्रावरून नुकसान मोजणे स्वाभाविक आहे, कारण तेथे नवी लागण पुढील हंगामात उभी राहते. कोकणातील वाडीची गणना मात्र झाडांवर होते. दहा गुंठ्यांच्या वाडीस हेक्टरी दराने 5,000 रुपयेच मिळतात. पुढे सुपारीच्या झाडामागे 50 व नारळाच्या झाडामागे 250 रुपये असा निकष ठरला. मोजणीचे एकक वाडीला साजेसे झाले. परंतु नव्या सुपारीस फळ धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात, त्या काळातील बुडालेल्या उत्पन्नाचा विचार त्यात नव्हता.

निष्कर्ष :
पूर्वसूचनेमुळे माणसे वाचली, हे मोठे यश होय. मात्र वाचलेल्या माणसाला झाड फळास येईपर्यंत जगवणे हाही आपत्ती-निवारणाचाच भाग आहे. म्हणून किनारपट्टीवरील मदत ठरविताना पडलेल्या झाडांबरोबरच गमावलेल्या वर्षांची व बुडालेल्या मजुरीचीही गणना होणे आवश्यक ठरते.