बाउई सुरी आणि अमेरिकेंतील कायदे

सुरी ही घरोघरची वस्तु. परंतु कायद्याच्या दृष्टीनें ती शस्त्र केव्हां ठरते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक संस्थानानें त्याचें उत्तर आपापल्या परीनें दिलें, आणि या खटाटोपाचें मूळ बहुतांशीं एका माणसाच्या नांवाशीं जाऊन पोंचतें.

१८२७ च्या सप्टेंबरांत नॅचेझ गांवानजीक, मिसिसिपी नदीच्या वाळवंटांत एक द्वंद्वयुद्ध झालें. मुख्य प्रतिस्पर्धी गोळ्या झाडूनही सुखरूप राहिले व त्यांनीं हस्तांदोलन केलें. खरी लढाई जुंपली ती त्यांच्या पाठीराख्यांत! त्यांतील जेम्स बाउई यास गोळ्या लागल्या, गुप्तीचे वारही बसले. तरी त्यानें आपल्या मोठ्या सुरीनें नॉरिस राइट यास ठार केलें. वर्तमानपत्रांनीं ही हकीकत देशभर नेली. ‘बाउई सुरी’ला मागणी वाढली, आणि इंग्लंडांतील शेफील्डचे कारखानदारही तशा सुऱ्या घडवून समुद्रापार पाठवूं लागले.

मग कायदे आले. १८३७ सालीं अलाबामानें अशा सुरीच्या विक्रीवर १०० डॉलर कर बसविला. जॉर्जियानें विक्रीच बंद केली. त्याच वर्षीं डिसेंबरांत, लिटल रॉक येथें आर्कान्सॉच्या विधिमंडळांत अध्यक्ष जॉन विल्सन व सभासद जे. जे. अँथनी यांची बाचाबाची झाली, दोघांनीं सुऱ्या उपसल्या आणि अँथनी भर सभागृहांत मारला गेला. सभागृहानें विल्सनला काढून टाकलें. पंचांनीं मात्र त्यास सोडून दिलें. पंचांसच तें कृत्य क्षम्य वाटलें, तेथें कायदा काय करणार?

दुसरी अडचण व्याख्येची. नांवावर बंदी घातली तर कारागीर पात्याचा आकार बदलतो. म्हणून टेक्सासनें १८५६ च्या दंडसंहितेंत व्याख्या व्यापक केली: अंगावर बाळगण्यासाठीं केलेली, प्राण घेऊं शकणारी, आणि खिशांतला साधा चाकू नव्हे अशी कोणतीही सुरी. १८७१ सालीं तर ती जवळ बाळगणें हाच, कांहीं अपवाद सोडून, गुन्हा ठरविला.

गंमत अशी कीं, बाउई हा टेक्सासचाच वीर. ६ मार्च १८३६ रोजीं अलामोच्या लढाईंत तो पडला; त्याच्या नांवाचा तेथें एक जिल्हाही आहे. त्याच्या नांवाच्या सुरीस मात्र प्रौढ नागरिकाच्या कमरेला उघडपणें राहण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली ती १ सप्टेंबर २०१७ पासून. तीही शाळा, न्यायालयें व मद्यगृहें वगळून.