शास्त्राचें मौन आणि मोटारीचा ब्रेक

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील मोटारधंद्याचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या आधारें सांगण्यांत येतो. टेल्कोनें १९६६ सालीं पुण्याच्या कारखान्यास आरंभ केला, २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना चाकणास सुरू झाला, इत्यादि. परंतु या वाहनांच्या पोटांत आतां जें लहानसें संगणकयंत्र असतें, त्यास आज्ञा देणाऱ्या भाषेलाही इतिहास आहे, व तो प्रवाशांच्या जिवाशीं निगडित आहे.

वाहनांत विशेष रूढ असलेली 'सी' ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रचिली. १९८९ सालीं तिचें प्रमाणशास्त्र सिद्ध झालें, तेव्हां ती नाना जातींच्या यंत्रांवर पसरली होती व एकाच आज्ञेचें फळ सर्वत्र सारखें येत नसे. सर्वांस एकच शिस्त लावल्यास कित्येक यंत्रें मंदावलीं असतीं. म्हणून शास्त्रकारांनीं कांहीं स्थळीं मुद्दाम मौन धरिलें. पण हें मौन एकाच प्रकारचें नाहीं.

पहिलें मौन 'अनिर्दिष्ट' होय. एखाद्या क्रियेस दोन पदें पुरवावयाचीं असल्यास आधीं कोणाचें मूल्य काढावें, हें शास्त्र सांगत नाहीं. मीमांसकांचा विकल्प असाच आहे: याग व्रीहींनीं करा वा यवांनीं करा, तो सिद्धीस जातोच. दुसरें मौन 'अव्याख्यात'. सोळा बिटांच्या धन-ऋण संख्येची कमाल मर्यादा ३२७६७; बेरीज तिच्यापुढें गेल्यास काय व्हावें, याविषयीं शास्त्र कसलेंच वचन देत नाहीं. उत्तर ऋण येईल, यंत्र थबकेल, किंवा 'असें घडणारच नाहीं' असें गृहीत धरून कंपायलर लेखकानें घातलेली तपासणीच गाळून टाकील! २०२४ सालच्या आवृत्तीनें ऋण संख्या मांडण्याची एकच रीत ठरविली, तरी हें मौन कायम राहिलें. कारण त्याच्या आधारें आज्ञांचा वेग वाढवितां येतो.

ब्रिटनमधील 'मिस्रा' या मोटारधंद्याच्या मंडळानें १९९८ सालीं १२७ नियम घालून ही मोकळीक आवळली, तें यामुळेंच. भारतांत १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या नव्या मोटारसायकलींस १ एप्रिल २०१९ पासून चाक जखडूं न देणारी ब्रेक-योजना सक्तीची झाली. म्हणजे चाकणच्या दुचाकीचें थांबणेंही आज्ञावलीच्या स्वाधीन झालें.

विकल्पाच्या दोन्ही वाटा कारागिरास आधीं तपासून ठेवितां येतात. अव्याख्यात स्थळीं मात्र चांचणी उतरली तरी तिचा अर्थ इतकाच, कीं आजच्या कंपायलरानें आज घात केला नाहीं. तेथें शहाणपण एकच: त्या वाटेस जाऊंच नये.