दप्तरातील शोध

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनसंशोधनात सातारा जिल्ह्यातील वाई आणि सांगली जिल्ह्यातील मिरज या दोन गावांचे स्थान मोठे आहे. वाईत सापडलेल्या कागदांतून वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली सिद्ध झाला. मिरजेत संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या दोघांचे कष्ट नेहमी वाखाणले जातात. त्यांच्यापुढील मूळ प्रश्न मात्र शोधाचा होता : रुमालांत बांधलेल्या असंख्य कागदांतून हवा तो कागद काढायचा कसा?

संगणकयुगात हाच प्रश्न यंत्राच्या नोंदवह्यांविषयी उद्भवला. केन टॉम्प्सन यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा १९७३ साली युनिक्समध्ये आली. फाइल ओळीओळीने वाचून दिलेल्या नमुन्याशी जुळणारी ओळ तेवढी दाखवणे, हे तिचे काम. यंत्राच्या नोंदीत बहुधा प्रत्येक ओळ आपला दिनांक बरोबर घेऊन येते, म्हणून असा शोध क्षणात होतो. पेशवाईतील रोजकीर्दही याच जातीची. दिवसवार मांडणी, जमा आणि खर्च ठरल्या जागी; कारकुनाची ही शिस्त हेच शोधाचे निम्मे काम.

तरीही केवळ अक्षरे जुळवून तेथे भागत नाही. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. त्या वेळचे सुहूर सन ११६१ कागदात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे येते : एक, साठ, शंभर आणि हजार. एकक आधी, हजार शेवटी. शिवाय वर्षारंभ मृगाचा. अक्षरानुक्रमे लावलेली अशी वर्षे कालानुक्रमे लागत नाहीत.

पत्रांची गोष्ट याहून अवघड. अनेक पत्रांत तिथी किंवा चंद्र असतो, वर्ष नसते. पत्र वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊकच होते. ते लिहावे कशाला? असे वर्ष मजकुरातील मोहिमा, माणसे आणि मुक्काम ताडूनच ठरवावे लागते. खऱ्यांनी पत्रे कालक्रमाने लावली, त्यांना जोडणारे निवेदन लिहिले. आज आपण त्या संग्रहात एखादा प्रसंग चटकन शोधू शकतो, तो त्यांच्या या संथ वाचनाच्या बळावर.

मोडी कागदांची छायाचित्रे संगणकावर चढवताना हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वर्ष, स्थळ, लेखक ही प्रत्येक कागदाची ओळख मोडी जाणणाऱ्याने नोंदवली नाही, तर कितीही वेगवान साधन त्या कागदापर्यंत पोहोचणार नाही. जो कागद शोधात येत नाही, तो हळूहळू अभ्यासातूनही गळतो आणि मग आपला इतिहास सापडलेल्या कागदांपुरताच उरतो.